विकत घेतलेली पुस्तकं आणि न बोलणारं ॲप : एका वाचक बाईंचं प्रकरण

हे प्रकरण वेंगुर्ले तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावातलं आहे. माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. घटनांचा क्रम, पत्रव्यवहार आणि निर्णय मात्र जसे घडले तसेच मांडले आहेत. गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या बाजूने मी यात पहिल्यापासून होतो. असा प्रश्न पुढे दुसऱ्या वाचनालयात आला, तर तिथल्या माणसांना सुरुवात शून्यातून करावी लागू नये, म्हणून हे लिहीत आहे.

पार्श्वभूमी

बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्या त्याला बरीच वर्षं झाली. गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी बाराखडी शिकवली. वाचनालयाच्या त्या सर्वांत जुन्या सभासदांपैकी एक, आणि दिवाळी अंकांच्या योजनेत पहिलं नाव नेहमी त्यांचंच असायचं. काचबिंदूचं निदान उशिरा झालं. थेंब सुरू झाले, शस्त्रक्रियाही झाली, पण काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. राहिली आहे तेवढी टिकवता येते. बाईंच्या नजरेचा घेर आक्रसत गेला. समोरचं एखाद-दुसरं अक्षर दिसतं, बाजूचं सगळं गायब. एका ओळीच्या शेवटाहून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला डोळा नेणं हीच मोठी कसरत झाली.

मुलगा मुंबईला नोकरीला. त्याने आईसाठी टॅब घेतला आणि एका मराठी ई-पुस्तकांच्या ॲपवर आपल्या खात्यातून, आपल्या कार्डाने पुस्तकं विकत घेऊन दिली. आत्मचरित्रं, ललित लेखन, प्रवासवर्णनं, काही जुनी पुस्तकं. टॅबमध्ये टॉकबॅक सुरू केलं की तो पडद्यावरचा मजकूर मराठीत वाचून दाखवतो, हे त्याला माहीत होतं. व्हॉट्सॲपचे निरोप आणि बातम्या बाई तशाच ऐकत होत्या. पुस्तकंही ऐकता येतील असं घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

अडचण कुठे होती

पुस्तक उघडलं की टॉकबॅक पानाचा क्रमांक सांगून गप्प बसायचा. ॲपने मजकूर त्याच्या हाती लागणारच नाही अशी व्यवस्था केली होती. काही पुस्तकं तर मजकूर नसून पानांची छायाचित्रंच होती. अक्षर मोठं करायला गेलं की आख्खं पान मोठं व्हायचं आणि ओळ वाचायला ते डावी-उजवीकडे सरकवत राहावं लागायचं. काचबिंदूच्या माणसाला याहून वाईट काही नाही. पडद्याचं छायाचित्र घ्यायला गेलं तर काळा चौकोन. मजकूर निवडून दुसरीकडे नेण्याची सोय बंद, छपाई बंद, आणि एकूण दोनच उपकरणांची मर्यादा. शिवाय महिन्यातून एकदा ॲपने इंटरनेटवरून खात्री करून घेतल्याशिवाय पुस्तक उघडत नसे. पावसाळ्यात वीज गेली की आमच्याकडे टॉवरही जातो, त्यामुळे जूनमध्ये काही दिवस पुस्तकं डोळस माणसालाही उघडता आली नाहीत.

बाई वाचनालयात आल्या आणि टेबलावर टॅब ठेवून म्हणाल्या, "पुस्तक माजां, पैशे माजे, मगे कुलूप कोणाचां?"

पुढचं सगळं प्रकरण या एका प्रश्नाभोवतीच फिरलं.

विक्रेत्याची बाजूही आम्ही समजून घेतली. मराठी पुस्तकाची आवृत्ती अनेकदा हजार प्रतींच्या आसपास असते. एका माणसाने पीडीएफ टेलिग्रामवर सोडली की छोट्या प्रकाशकाचा दोन वर्षांचा धंदा बसतो. ही भीती खरी आहे आणि कुलूप त्या भीतीतूनच आलं आहे. पण चोरी करणाऱ्याला त्याची फारशी अडचण होत नाही. तो छापील पुस्तक आणतो आणि स्कॅन करतो. अडते ती पैसे भरलेली, न दिसणारी बाई.

कायदा काय म्हणतो

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ मध्ये कोणत्या गोष्टी केल्याने हक्काचा भंग होत नाही त्याची यादी आहे. खाजगी किंवा वैयक्तिक वापरासाठी, संशोधनासाठी, टीका-समीक्षेसाठी केलेला रास्त वापर त्यात येतो. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात (झेडबी) हा खंड आला. अपंग व्यक्तीला पुस्तक वापरता यावं म्हणून कोणतीही व्यक्ती ते सुगम स्वरूपात आणू शकते, म्हणजे ध्वनी, ब्रेल, मोठं अक्षर किंवा वाचून दाखवता येईल असा मजकूर. संस्थेने असं काम केलं तर नफा घ्यायचा नाही, फक्त तयार करण्याचा खर्च घ्यायचा, आणि प्रत अपंग वाचकांपलीकडे किंवा बाजारात जाणार नाही याची काळजी घ्यायची. मालकाची परवानगी घ्या, असं त्यात कुठेही नाही. २०१३ मध्ये अंध वाचकांसाठी सुगम प्रती करण्याची मुभा देणारा आंतरराष्ट्रीय माराकेश करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता.

त्याच २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. हक्काच्या रक्षणासाठी लावलेलं तांत्रिक कुलूप हक्कभंगाच्या हेतूने तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. यातला 'हेतू' महत्त्वाचा. शिवाय पुढच्याच पोटकलमात म्हटलं आहे की कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी कुलूप उघडायला आडकाठी नाही. मात्र दुसऱ्यासाठी ते उघडायला मदत करणाऱ्याने त्या व्यक्तीचं नाव, पत्ता आणि उद्देश यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात कुलूप तोडण्यालाच मुळात मनाई आहे आणि अंध वाचकांसाठीची सूट दर तीन वर्षांनी नव्याने ठरते. त्या मानाने आपला कायदा वाचकाला बराच मोकळा आहे.

पण त्यात एक मोठी फट आहे. प्रत केलीत तर शिक्षा नाही, एवढंच कायदा सांगतो. विक्रेत्याने कुलूप उघडून दिलंच पाहिजे, असं कॉपीराइट कायदा सांगत नाही. मुभा वाचकाकडे आहे, पण किल्ली दुसऱ्याकडे. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याच्या कलम ४२ ने इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम असावा यासाठी उपाय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. हे आधार मोठे आहेत, पण गावातल्या टॅबपर्यंत ते आपोआप उतरत नाहीत.

समोरचे पर्याय

वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाची बैठक झाली. पहिला पर्याय सर्वांत सोपा होता : पैसे परत मागायचे आणि विषय संपवायचा. बाईंनी तो लगेच नाकारला. त्यांना पुस्तकं हवी होती.

दुसरा पर्याय मुलाच्या एका मित्राने सुचवला. कुलूप काढणाऱ्या आज्ञावल्या इंटरनेटवर मिळतात, एका रात्रीत सगळी पुस्तकं मोकळी होतील. यावर सर्वांत जास्त वेळ गेला. सावंतवाडीच्या एका वकिलांना विचारलं. त्यांचं मत असं, की उद्देश कलम ५२ मध्ये बसतो, नोंद ठेवली तर कलम ६५अ चा गुन्हा होत नाही. पण ॲपच्या अटींमध्ये कुलपाला हात लावल्यास खातं बंद करण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवलेला. कराराची अट वरचढ की कायद्याची मुभा, याचा निकाल लागेपर्यंत खातं बंद झालेलं असणार आणि सगळीच पुस्तकं हातची जाणार. खातंही मुलाचं, म्हणजे जोखीम त्याच्या माथी. मंडळाने हा पर्याय शेवटासाठी राखून ठेवला. मला हा निर्णय तेव्हा पटला आणि आजही पटतो. भीती हे त्याचं कारण नव्हतं. आधी सरळ वाटा संपवल्या असतील, तरच पुढे कुणापुढे ठामपणे उभं राहता येतं.

तिसरा पर्याय : वाचनालयातल्या छापील प्रती स्कॅन करून त्यातून मजकूर काढायचा. देवनागरी ओळखणारी साधनं आता बरी आहेत, पण जुन्या छपाईत रफार आणि जोडाक्षरं फसतात. सगळं पुन्हा तपासावं लागतं. चौथा : ग्राहक म्हणून तक्रार. पाचवा : प्रकाशकांकडे थेट जायचं.

यात एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, वाचनालयाला तीन प्रती करायची मुभा आहे ना? आहे, पण ते पुस्तक भारतात विक्रीला उपलब्ध नसेल तरच. ही पुस्तकं ॲपवर विक्रीलाच होती. त्यामुळे तो खंड इथे चालत नव्हता आणि (झेडबी) हाच आधार घ्यायचा, हे त्याच बैठकीत नक्की झालं. चुकीच्या कलमाचा हवाला देऊन पत्र गेलं असतं तर पहिल्याच उत्तरात ते फेटाळलं गेलं असतं.

काय केलं

आधी पुस्तकांचे तीन ढीग केले.

पहिल्या ढिगात हक्कमुक्त पुस्तकं. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क चालतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन सर्वांचं आहे. पालगडला जन्मलेल्या, आयुष्यभर मुलांसाठी लिहिलेल्या माणसाचं पुस्तक कोकणातल्याच एका शिक्षिकेला कुलुपामुळे ऐकता येऊ नये, याचा मला मनापासून संताप आला. जिथे हक्कच उरलेला नाही, तिथे ॲपने नव्या पुस्तकासारखंच कुलूप लावलं होतं. अर्थात नव्या आवृत्तीतली प्रस्तावना किंवा टिपा नंतरच्या संपादकाच्या असतील तर त्यांवर त्याचा हक्क असतो, मूळ मजकुरावर नाही. हा ढीग सर्वांत लवकर सुटला. मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर साने गुरुजींचं लेखन युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्राला अक्षर म्हणून ओळखता येईल अशा मजकुरात, आहे आणि टॉकबॅक ते व्यवस्थित वाचतो. राहिलेल्या जुन्या पुस्तकांच्या छापील प्रती वाचनालयाच्याच कपाटात होत्या.

दुसरा ढीग चालू प्रकाशकांच्या पुस्तकांचा, आणि तो सर्वांत मोठा होता. इथे आम्ही आधी विक्रेत्याच्या मागे लागलो. ग्राहक सेवेच्या फोनवर 'ही सुविधा उपलब्ध नाही' हेच वाक्य मिळत राहिलं. मग तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी ई-मेल गेला. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. हा नियम पत्रात लिहिल्यावर पोच वेळेवर आली. उत्तर मात्र असं, की वाचून दाखवण्याची सोय प्रकाशकांच्या इच्छेनुसार बंद ठेवलेली आहे.

मग प्रकाशकांना फोन लावले. पुण्याच्या एका प्रकाशकांचं उत्तर मी विसरणार नाही. ते म्हणाले, "मी कशाला बंद ठेवू? मला हे कुणी विचारलंच नाही." त्यांनी ॲपबरोबरचा करार शोधला. त्यात जोडलेल्या अर्जावर 'वाचून दाखवण्यास अनुमती' असा एक चौकोन होता आणि तो रिकामा राहिला होता. रिकामा म्हणजे नकार, असं संगणकाने धरलं. दुसऱ्या दोघांकडेही तेच निघालं.

बाईंच्या प्रश्नाचं उत्तर इथे होतं. कंपनी प्रकाशकाकडे बोट दाखवत होती, आणि प्रकाशकाला असा काही निर्णय आपल्या नावावर आहे हे ठाऊकच नव्हतं. एका वाचकाचं वाचन कुणीही ठरवून बंद केलेलं नव्हतं, तरी ते पक्कं बंद होतं. चर्चेत नेहमी लेखकाचा हक्क विरुद्ध वाचकाचा हक्क असं चित्र उभं केलं जातं; या प्रकरणात लेखक-प्रकाशक बाईंच्याच बाजूने होते.

तीन प्रकाशकांनी ॲपला लेखी कळवलं आणि काही आठवड्यांत त्यांची मजकूर स्वरूपातली पुस्तकं बोलू लागली. पानांची छायाचित्रं असलेली पुस्तकं मात्र मुकीच राहिली, कारण त्यांत वाचायला मजकूरच नाही. त्यांच्यासाठी दोघांनी छपाईच्या मूळ फाइली पाठवल्या. त्या उघडल्यावर नवीच अडचण. फाइली जुन्या डीटीपी फाँटमधल्या. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. टॉकबॅकला ती निरर्थक बडबड वाटते. मराठीत हजारो पुस्तकं अशाच फाइलींमध्ये अडकून पडली आहेत आणि यात कुणाचाही दुष्ट हेतू नाही. कुडाळच्या एका डीटीपीवाल्याने त्या युनिकोडमध्ये बदलून दिल्या. वेलांट्या आणि रफार जागच्या हललेले होते, ते कॉलेजच्या मुलामुलींनी छापील प्रतीशी ताडून दुरुस्त केले. डीटीपीचा खर्च बाईंनी दिला, वाचनालयाने एक रुपयाही घेतला नाही.

या कामासाठी एक वही घातली. पुस्तकाचं नाव, वाचकाचं नाव-पत्ता, उद्देश, प्रत कशी केली, कुणी केली, कुणाकडे आहे. कुलूप आम्ही तोडत नव्हतो, त्यामुळे कलम ६५अ ची नोंद सक्तीची नव्हती. तरी ठेवली. पुढे एका प्रकाशकाने 'फाइल बाहेर गेली तर?' असं विचारलं, तेव्हा वहीच्या पानाचा फोटो पाठवल्यावर त्याचं समाधान झालं.

दोन प्रकाशकांनी उत्तरच दिलं नाही. त्या पुस्तकांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवली. तिथून कंपनीकडे विचारणा गेल्यावर कंपनीने प्रस्ताव दिला : सगळ्या पुस्तकांचे पैसे परत, पण खातं बंद आणि 'कोणतीही तक्रार उरली नाही' अशी लेखी कबुली. मुलाला ते सोडवत नव्हतं. रक्कम बरी होती. बाईंनी नकार दिला. बोलू लागलेली पुस्तकं परत कशाला द्यायची, आणि पुढच्या वाचकाची तक्रार आपण कशी मिटवायची, असं त्यांचं म्हणणं. शेवटी फक्त न बोलणाऱ्या पुस्तकांचे पैसे परत आले आणि कबुली तेवढ्यापुरती लिहिली गेली. त्यांतल्या एका पुस्तकाची छापील प्रत दुसऱ्या वाचनालयातून आणून स्कॅन केली.

तिसऱ्या ढिगात एकच पुस्तक उरलं. प्रकाशन संस्था बंद, वारसांचा पत्ता नाही, छापील प्रत कुठे मिळेना. कुलूप तोडण्याचा राखून ठेवलेला पर्याय पुन्हा पुढे आला. तेव्हा सुनेने मार्ग काढला. ॲप तिला डोळ्यांनी वाचता येत होतं. तिने ते मोठ्याने वाचलं आणि स्वतःच्या फोनवर ध्वनिमुद्रित केलं. ध्वनिप्रत हे सुगम स्वरूपच आहे, आणि पडद्यावरून वाचण्यात कुलपाला हात लागत नाही. या पुस्तकाचे पैसे त्यामुळे मागितलेच नाहीत.

निष्पत्ती

बहुतेक पुस्तकं बाईंना ऐकता येतात. उत्तर न देणाऱ्यांपैकी एका प्रकाशकाचं पुस्तक अजूनही अडलेलं आहे. ॲपने आपल्या अर्जातला रिकामा चौकोन बदललेला नाही, त्यामुळे नवं पुस्तक घेताना तोच घोळ पुन्हा होऊ शकतो. महिन्यातून एकदा इंटरनेटवरून खात्री करण्याची अटही तशीच आहे, म्हणून पावसाच्या तोंडावर पुस्तकं आठवणीने उघडून ठेवावी लागतात. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायची वेळ आली नाही. आली असती तर ती आपल्याच जिल्ह्यात करता आली असती. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो तिथे दावा दाखल होतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

खरेदीपूर्वी ॲपवरचं नमुना प्रकरण टॉकबॅक लावून ऐकलं असतं तर अडचण पहिल्या पुस्तकालाच कळली असती. अशी मोफत पानं बहुतेक ॲपवर मिळतात. पण हा सल्ला मी थोडा दबकतच देतो, कारण त्याने तपासणीचं ओझं पुन्हा वाचकावरच पडतं. पुस्तकाच्या माहितीत किमतीशेजारी 'वाचून दाखवता येतं की नाही' एवढं छापणं कंपनीला मुळीच जड नाही.

प्रकाशकांना आधी फोन गेले असते तर बरेच आठवडे वाचले असते. विक्रेत्याकडे आधी जाणं स्वाभाविक होतं, पैसे त्याने घेतले होते. पण निर्णय बदलण्याची ताकद दुसरीकडे होती.

तक्रार मुलाच्या नावाने गेली. बाईंच्या नावाने जायला हवी होती. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहक असतो. कंपनी मुलाला 'तुम्हाला तर वाचता येतंय' असं म्हणू शकली, ते बाईंना म्हणता आलं नसतं. पुराव्याचीही एक गोष्ट : ॲपमध्ये पडद्याचं छायाचित्र निघत नाही, तेव्हा दुसऱ्या फोनने चित्रफीत घ्यावी, टॉकबॅकचं गप्प राहणं तिच्यात ऐकू येतं. ती पहिल्याच ई-मेलला जोडावी.

सगळ्यांत जास्त विचार करण्यासारखी बाब प्रकाशकांना गेलेल्या पत्राची आहे. मंडळाने त्यात 'श्रीमती अमुक यांच्यासाठी प्रत करण्यास परवानगी द्यावी' असं लिहिलं. प्रकाशकांनी ती दिली, पण तेवढीच, एका वाचकापुरती. कायद्याने जी परवानगी लागत नव्हती ती मागितल्यामुळे मिळालेल्या उत्तराने आमचेच हात बांधले गेले. तयार झालेल्या युनिकोड फाइली 'सुगम्य पुस्तकालय' या २०१६ पासून चालू असलेल्या ऑनलाइन ग्रंथालयाला देता आल्या असत्या, म्हणजे राज्यभरातल्या अंध वाचकांना त्या मिळाल्या असत्या. परवानगीची ओळ पुढे करून मंडळाने ते थांबवलं, आणि दिलेल्या शब्दाला जागायचं म्हणून मीही त्याला विरोध केला नाही.

यंदा मालवणकडच्या एका अंध तरुणाने त्यांतलीच दोन पुस्तकं मागितली. त्याच्यासाठी गेलेलं पत्र वेगळं आहे. 'कलम ५२(१)(झेडबी) नुसार आमचं वाचनालय दृष्टिबाधित वाचकांसाठी या पुस्तकांच्या सुगम प्रती ठेवत आहे. प्रती फक्त अशा वाचकांनाच दिल्या जातील आणि त्यांची नोंद वहीत राहील. आपल्या पुढच्या पुस्तकांच्या मूळ फाइली मिळाल्यास चुका टळतील.' सोबत वहीच्या कोऱ्या पानाचा नमुना जोडला आहे. एका प्रकाशकाने पुढच्या तीन पुस्तकांच्या फाइली पाठवल्या आहेत, त्याही युनिकोडमध्ये. दुसऱ्याच्या उत्तरासाठी आम्ही थांबलो नाही. त्या तरुणाला फाइल दिली आणि वहीत त्याचं नाव लिहिलं.